जुनी, झिजलेली गाडी चालती ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस-तीस वर्षं वापरलेली, रंग उडालेली, तरीही रस्त्यावर येणारी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. प्रदर्शनासाठी पुसून झाकून ठेवलेल्या गाड्यांचा विषय वेगळा.

गाडी नुकतीच हाती आली आहे. आधी काय करून घेऊ?

आधी थांबणं, मग वळणं, मग थंड राहणं आणि शेवटी पळणं, या क्रमाने जा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी इंजिनचं ट्यूनिंग होतं, सीट कव्हरं येतात, आणि ब्रेकचे रबरी होस आतून फुगलेले तसेच राहतात. ब्रेकचे होस, चाकांतले सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि ब्रेक ऑइल यांचं काम गाडी रस्त्यावर काढण्याआधी करा. त्यानंतर टाय रॉड, बॉल जॉइंट आणि टायर बघा. मग रेडिएटर, पाण्याचे होस आणि बेल्ट.

इंजिन, गिअर आणि डिफरन्शिअलचं ऑइल बदलून टाका, पण काढलेलं ऑइल नीट बघितल्याशिवाय टाकू नका. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. चमचमणारी पूड दिसली तर ती धातूची आहे. ती चुंबकाला चिकटली तर लोखंडाची, नाही चिकटली तर बहुधा बेअरिंगची. आदल्या मालकाने जे सांगितलं नाही ते या ऑइलमध्ये सापडतं.

माझी गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिन अडखळत चालतं. कोणता पार्ट बदलू?

पार्टचं नाव मी सांगणार नाही, तपासायचा क्रम सांगतो. जुन्या गाडीचे सर्वाधिक पैसे अंदाजाने बदललेल्या पार्टांत जातात. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडला, आणि शेवटी दोष निघाला व्हॅक्यूमच्या चिरलेल्या नळीत, असं कितीदा तरी होतं.

आधी कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधा. पॉइंटवाल्या जुन्या इग्निशनमध्ये इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघता येते. जी काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून बसलेला आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर हे करू नका, मॉड्यूल जळू शकतं. सापडलेल्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात घाला. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर वायर आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप बघा. तरीही राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा.

प्लगचं तोंडही वाचायला शिका. करडा-तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढरा फटक असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे किंवा तो सिलिंडर फार तापतोय.

कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. झिजलेल्या इंजिनात आकडा थोडा कमी येणारच. बघायचा असतो तो सिलिंडरांमधला फरक. १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन सारखं झिजलंय आणि अजून बरंच चालेल. एकच सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. दहा मिनिटांच्या या चाचणीने हेड उघडायचं की अख्खं इंजिन, ते ठरतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही. गेला नाही, तर नव्या चारांपैकी एखादी सदोष निघाली का, हा पाचवा प्रश्न उभा राहतो.

गाडी गरम होते. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू. काढू का?

नको. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडतो आणि इंजिनला योग्य उष्णतेवर आणतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल साचते आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर तो नसेल तेव्हा पाणी बायपासने फिरत राहतं, रेडिएटरपर्यंत पुरेसं पोचत नाही आणि गाडी आणखी तापते. संशय असेल तर थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात सोडून पाणी तापवा आणि तापमापक धरून तो कधी उघडतो ते बघा. उघडला नाही तर नवा बसवा.

खरा प्रश्न वेगळा आहे: गाडी कधी गरम होते? उभ्या उभ्या तापत असेल आणि चालायला लागली की उतरत असेल, तर पंखा, त्याचा बेल्ट, मोटर किंवा स्विच बघा. उलट वेगात तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा खालचा होस ओढीने चपटा होतोय. पाणी कुठेच गळत नाही तरी कमी होतं, आणि थंड इंजिन सुरू करताच वरचा होस दगडासारखा कडक होतो, तेव्हा हेड गॅस्केटवर संशय घ्या.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कुणी बघत नाही. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. झाकणाने सुमारे १ बार दाब धरला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की सगळी यंत्रणा ठीक असूनही पाणी बाहेर उसळतं. हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, म्हणून तो आधी तपासा. साध्या पाण्यावर चालवायची सवयही सोडा. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण गंज आणि क्षार दोन्ही रोखतं.

रस्त्यात काटा लाल खुणेकडे निघाला तर आतला हीटर पूर्ण सोडा, तो छोट्या रेडिएटरसारखा उष्णता बाहेर टाकतो. मग बाजूला घेऊन इंजिन बंद करा. गरम झाकण उघडू नका, वाफ चेहरा भाजते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड वाकतं किंवा तडकतं. वरचा होस हाताने सहज धरता येईल इतका निवेपर्यंत थांबा.

सायलेन्सरमधून धूर येतो. इंजिन उघडावं लागेल?

धुराचा रंग आणि वेळ दोन्ही बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो फक्त पहिल्या सेल्फला एकदा भसकन येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. रेस केल्यावर सतत येत असेल तर रिंगा. लांब उतारावरून आल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दिला की येत असेल तर व्हॉल्व्हचे गाइड आणि सील. सीलचं काम रिंगांच्या मानाने फार लहान आहे, म्हणून हा फरक ओळखल्याशिवाय कुणाला इंजिन खोलू देऊ नका.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, वर चढलेला फ्लोट. थंड हवेत सकाळी दिसणारी आणि विरून जाणारी पांढरी वाफ निरुपद्रवी आहे. दाट पांढरा, गोडसर वासाचा, न थांबणारा धूर मात्र कूलंट जळत असल्याची खूण आहे. तेव्हा गाडी चालवू नका.

गाडी ऑइल खाते. किती खाल्लं तर चालेल?

१००० किलोमीटरला अर्धा लिटर खाणारी झिजलेली इंजिनं वर्षानुवर्षं चालतात, फक्त डिपस्टिक बघायची सवय हवी. लिटरच्या पुढे गेलं की कारण शोधायची वेळ आली.

मूळ पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल सांगितलं असेल आणि गरम इंजिनात ऑइलचा दाब पडत असेल, तर उष्ण हवेत जाड ग्रेडने, म्हणजे १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ने, मदत होते. कडक थंडीत आणि हायड्रॉलिक टॅपेटच्या (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) इंजिनात हा उपाय जपून करा. जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनांना ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसच्या संयुगाचं संरक्षण लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी नव्या ऑइलांत ते कमी केलंय, तेव्हा जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं ऑइल मिळालं तर तेच घ्या.

वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात फ्लश मात्र टाकू नका. तळाचा गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा पहिले दोन-तीन वेळा ऑइल आणि फिल्टर लवकर लवकर बदला. गाळ हळूहळू निघतो.

सेल्फ कधी फिरतो, कधी नुसतं टिक वाजतं. बॅटरी नवी आहे.

मग अर्थ, म्हणजे अर्थिंगची वायर, तपासा. जुन्या गाडीतल्या निम्म्या विजेच्या तक्रारी बॅटरीपासून पत्र्याला आणि पत्र्यापासून इंजिनला जाणाऱ्या जाड वायरीत संपतात, असा माझा अनुभव आहे. एक दिवा लावला की दुसरा मंदावतो, इंडिकेटर दिला की मीटरचे काटे हलतात, हीच ती लक्षणं.

मल्टीमीटर घ्या. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. वायर सोडवा, दोन्ही टोकं आणि पत्रा घासून चकचकीत करा, घट्ट बसवा, वर ग्रीस लावा. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडायचं आणि शेवटी जोडायचं.

आकडेही लक्षात ठेवा. काही तास विश्रांती घेतलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. गाडी बंद ठेवूनही बॅटरी उतरत असेल तर बंद अवस्थेतला प्रवाह मोजा. तो ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. बहुतेकदा तो डिकीतला न विझणारा दिवा असतो.

जुन्या गाडीला आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, दोन गोष्टी सांभाळून. पहिली शिशाची. टेट्राएथिल लेड (शिशाचं एक संयुग) पेट्रोलमध्ये टाकल्याने नॉकिंग, म्हणजे इंजिनातले ठोके, थांबतं, हे थॉमस मिजली यांच्या चमूने १९२१ साली शोधलं. तेच शिसं मऊ व्हॉल्व्ह सीटवर पातळ थर धरून तिला झीज लागू देत नसे. ते माणसांच्या रक्तात जाऊन बसत होतं, म्हणून जगभर बंद झालं. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथेही २०२१ मध्ये विक्री थांबली. शिशाच्या काळातल्या इंजिनांत सतत जास्त वेगाने चालवल्यास व्हॉल्व्ह सीट झिजत जाते आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट नियमित मोजा. हेड कधीतरी उघडेलच, तेव्हा कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची. तो जुने रबरी होस आणि डायफ्राम मऊ करतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. इथेनॉल सहन करणारे होस घाला. इंजिनजवळ पेट्रोलचा वास आला की त्याच दिवशी कारण शोधा. जुन्या गाड्या जळतात त्या बहुतेक अशाच एका ठिबकणाऱ्या नळीमुळे.

टायमिंग बेल्ट दिसायला चांगला आहे, राहू दे का?

दिसण्यावर जाऊ नका. बदलल्याची तारीख माहीत नसेल तर बदललेला नाही असंच धरा. कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड कामातून जातं. बेल्टबरोबर टेन्शनरही बदला, आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपसुद्धा, कारण मजुरी एकदाच लागते.

ब्रेक पॅड जाड आहेत, तरी पॅडल मऊ का?

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकाराचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओल धरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, हवा नीट काढा. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका. हवा काढूनही पॅडल मऊ राहिलं तर होस फुगतायत.

टायरची नक्षी शाबूत आहे. बदलायचे का?

बाजूवर छापलेल्या चार आकड्यांत वय असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी भेगा बघा, दहा वर्षं झाली की बदला. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

गंजाचं काय करायचं?

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सडलेल्या बॉडीवर मात्र काहीच नीट बसत नाही. म्हणून मला विचाराल तर जुनी गाडी घेताना इंजिन थकलेलं चालेल, पत्रा मजबूत हवा.

दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. ती मातीने बुजतात, पाणी साचतं आणि दरवाजा आतून खातो. वायपरखालची जाळी, डिकीतली स्टेपनीची जागा आणि मॅटखालचा फ्लोअरही असेच सडतात. पावसाळ्याआधी ही भोकं जाड तारेने मोकळी करा. खर्च शून्य, आणि रंगकामापेक्षा जास्त उपयोगाचं. पुट्टी ओळखायला पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी आहे. गंजावर डांबरी लेप कधीच फासू नका, त्याच्या मागे ओल अडकते आणि सडणं नजरेआड चालू राहतं. आधी धातू उघडा, सडलेलं कापा, नवा पत्रा वेल्ड करा. पोकळ भागांत आतून मेण किंवा ऑइल फवारा.

जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन आणि सीट बेल्ट जिथे बांधलेत त्या जागा स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघा. तिथे टोक आत गेलं तर गाडी आधी वेल्डरकडे, मग रस्त्यावर.

पार्ट मिळत नाहीत. काय करू?

कंपनीचा पार्ट नंबर शोधण्याआधी पार्टवरचा नंबर वाचा. बेअरिंगवर ६२०४ लिहिलंय म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४, मग ते मोटारीत असो की पाण्याच्या पंपात. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. गाडीच्या नावाने न मिळणारी वस्तू मापाने मिळते.

न मिळणारी बरीच कामं दुरुस्त होतात. ब्रेक शूला नवं लायनिंग लागतं, रेडिएटरला नवा गाभा बसतो, सेल्फचं वाइंडिंग पुन्हा होतं. जुना काढलेला पार्ट कधी फेकू नका, तोच उद्या नमुना असतो. मात्र वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेला रबरी माल, पॅकबंद असला तरी, ब्रेकसाठी घेऊ नका. रबर डब्यातही कडक होतं.

चांगला मेकॅनिक कसा ओळखायचा?

तो पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतो. आवाज थंड असताना येतो की गरम झाल्यावर, क्लच दाबल्यावर जातो का, कधीपासून येतो. काढलेला पार्ट तुम्हाला दाखवतो. आणि “हे अजून चालेल, राहू द्या” असं म्हणायची त्याची तयारी असते. असा माणूस सापडला तर त्याच्या वेळेची कदर करा, पैसे वेळेवर द्या आणि तो काम करताना शेजारी उभं राहून बघायची परवानगी मागा.

गाडी महिना-महिना उभी राहते. अधूनमधून पाच मिनिटं चालू करून ठेवतो, बरोबर ना?

हे टाळा. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आणि जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसंच राहतं. अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. चाकांना अडण लावा आणि बॅटरीचं ऋण टोक सोडा.

डिकीत काय ठेवावं?

फॅन बेल्ट, फ्यूज, होस क्लॅम्प, इन्सुलेशन टेप, तार, पाणी, टॉर्च. बेर्टा बेंझ १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या, तेव्हा वाटेत तुंबलेली इंधनाची नळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, वायर मोज्याच्या पट्ट्याने बांधली आणि झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून कातडं लावून घेतलं. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातच रस्त्यावरची दुरुस्ती आली. ती हिंमत मला फार मोठी वाटते.

जुनी गाडी जास्त प्रदूषण करते ना?

करते. कन्व्हर्टर नसलेल्या इंजिनाचा धूर नव्या गाडीपेक्षा घाण असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मिश्रण आणि टायमिंग नेमकं ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. काळा धूर सोडत फिरणाऱ्या गाडीला जुनी म्हणून सवलत मागू नये.

गाडी किती चालू शकते?

अमेरिकेतले शिक्षक अर्व गॉर्डन यांनी १९६६ मध्ये घेतलेली व्होल्वो पी-१८०० स्वतः चालवत २०१३ मध्ये ३० लाख मैलांच्या, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या, पुढे नेली. वेळच्या वेळी ऑइल बदलणं आणि मालकाच्या पुस्तिकेप्रमाणे देखभाल, हीच त्यांची रीत होती.

मग थांबायचं कधी?

बॉडीचे मुख्य आधार सडले, किंवा ब्रेक-स्टिअरिंग भरवशाचं करणं शक्य उरलं नाही, तर थांबा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त आहे, हे कारण मला पटत नाही. बाजारभाव विकणाऱ्याने बघायचा. ठेवणाऱ्याने वर्षाचा खर्च बघावा.

एवढ्या कटकटीत आनंद कुठे आहे?

अख्खं यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावतं, यात. मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू फिरवताना इंजिनचा वेग वाढतो, मग अडखळतो, आणि थोडं मागे आल्यावर ते एकसारखं गुणगुणायला लागतं, तेव्हा आपल्या बोटांनी काय केलं हे आपल्याला ठाऊक असतं. महिनाभर छळणारा खडखडाट सायलेन्सरच्या एका सैल ब्रॅकेटचा निघतो आणि पुढचा सगळा रस्ता नवा वाटतो. बाकी सगळ्या वस्तू बंद डब्यासारख्या झालेल्या असताना, विचारलं की उत्तर देणारं हे यंत्र मला फार मोलाचं वाटतं.

मुलीला हे शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

पहिला धडा सुरक्षिततेचा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, खाली स्टँड लावूनच. मग डिपस्टिक, टायरची हवा, प्लग काढून वाचणं. नंतर फीलर गेज देऊन थंड इंजिनवर टॅपेटची फट मोजायला बसवा. पाती ओढताना किंचित अडली पाहिजे, अडकता कामा नये. मोजलेले आकडे तिलाच वहीत लिहू द्या, तारीख आणि किलोमीटरसकट, आणि पुढच्या वेळी काय बदललंय ते तिला विचारा.